एलिझाबेथ फार्म: पॅरामॅटातलं १७९३ सालचं घर, मॅकार्थर कुटुंब आणि घर राखणारी माणसं

नदीकाठची

सिडनीच्या पश्चिमेला राहणाऱ्या मराठी मंडळींना हॅरिस पार्कची ओळख करून द्यायला नको. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या रहिवाशांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोक भारतात जन्मलेले निघाले. विगराम स्ट्रीटवर डोसा, चाट, मिठाई खायला आपण सगळेच जातो. त्याच वस्तीला लागून, रोझहिलच्या हद्दीत, एक घर आहे. युरोपीय लोकांनी ऑस्ट्रेलियात बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या घरांत ते सगळ्यांत जुनं मानलं जातं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना ते माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते ‘मेरिनो मेंढ्यावाल्या मॅकार्थरचं घर’ एवढं म्हणून पुढे जातात. म्हणून हा धागा काढते आहे. माझ्या मते त्या घरावर जॉन मॅकार्थरचा हक्क सगळ्यांत कमी आहे.

थोडा कुटुंबाचा इतिहास. जॉन हा प्लिमथच्या एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा. एलिझाबेथ व्हील ही डेव्हन परगण्यातल्या ब्रिजरूल गावच्या शेतकऱ्याची मुलगी. १७८८ मध्ये त्यांचं लग्न झालं. जॉनने न्यू साउथ वेल्स कोअर या पलटणीत लेफ्टनंटची जागा मिळवली आणि १७९० मध्ये तान्ह्या एडवर्डला घेऊन दोघं कैद्यांना ऑस्ट्रेलियात नेणाऱ्या जहाजांच्या दुसऱ्या ताफ्याबरोबर निघाले. हा ताफा कुप्रसिद्ध आहे. त्यातल्या कैद्यांपैकी जवळजवळ चौथा भाग वाटेतच मेला. ‘नेपच्यून’ जहाजावर जॉनची भांडणं इतकी विकोपाला गेली की भर समुद्रात कुटुंबाला ‘स्कारबरो’वर हलवावं लागलं. त्याच प्रवासात एलिझाबेथला एक मुलगी झाली आणि ती जगली नाही. जून १७९० मध्ये सिडनीला उतरली तेव्हा ती २३ वर्षांची होती. त्यानंतर ती इंग्लंडला कधीच परत गेली नाही.

सुरुवातीच्या त्या उपाशी वसाहतीत तिने काय केलं, तर शिकायला घेतलं. लेफ्टनंट विल्यम डॉज याच्याकडून खगोलशास्त्राचे धडे घेतले, वनस्पतींची ओळख करून घेतली. पहिल्या ताफ्यातला सर्जन जॉर्ज वॉरगन परत जाताना आपला पियानो तिला देऊन गेला. ऑस्ट्रेलियात आलेला तो पहिला पियानो.

१७९३ मध्ये हंगामी गव्हर्नर फ्रान्सिस ग्रोस याने जॉनला पॅरामॅटाजवळ १०० एकर जमीन दिली. जॉनने शेताला बायकोचं नाव दिलं. तिथे विटांचं बैठं घर उभं राहिलं, दर्शनी बाजू ६८ फूट आणि खोली १८ फूट. मधे दिवाणखाना, खोल्या, तळघर, आणि स्वयंपाकघर वेगळं.

आता मुद्द्याची गोष्ट. १८०१ मध्ये जॉनने आपल्याच वरिष्ठाशी, कर्नल पॅटरसनशी, पिस्तुलांचं द्वंद्व केलं आणि त्याला चौकशीसाठी इंग्लंडला पाठवलं गेलं. तो परतला १८०५ मध्ये. २६ जानेवारी १८०८ ला पलटणीने गव्हर्नर ब्लाय याला पदच्युत केलं. हा ब्लाय म्हणजे ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडातला तोच. या उठावामागे जॉनच होता. त्यापायी १८०९ मध्ये तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि अटकेच्या भीतीने १८१७ पर्यंत तिकडेच अडकला. म्हणजे दोन खेपा मिळून सुमारे बारा वर्षं हे घर, शेती, कळप, कैदी मजूर, मुलंबाळं, हिशेब, लोकर धुऊन लंडनला रवाना करणं, सगळं एलिझाबेथने एकटीने पाहिलं. नऊ मुलांपैकी सात जगली, त्यांना तिने वाढवलं. कळपांची प्रत सुधारली ती याच काळात. आणि १८२२ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने लोकरीसाठी सुवर्णपदकं दिली ती जॉनला. १९६६ मध्ये दोन डॉलरची नोट निघाली, तिच्यावर मेरिनो मेंढा आणि जॉनचाच चेहरा.

कायद्याप्रमाणे सगळी मालमत्ता नवऱ्याची होती. म्हातारपणी जॉनचं मन बिघडलं, तेव्हा त्याने एलिझाबेथवर बदफैलीचा आळ घेतला आणि तिला स्वतःच्या नावाच्या घराबाहेर राहावं लागलं. १८३२ मध्ये त्याला अधिकृतपणे वेडा ठरवलं गेलं. पुढे त्याला कॅम्डनला हलवल्यावर ती घरी परतली. तो १८३४ मध्ये वारला, ती १८५० मध्ये.

घराची पुढची गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. १८८१ मध्ये कुटुंबाने ते विकलं. जमिनीचे तुकडे पडले, आजचं रोझहिल रेसकोर्स याच जुन्या इस्टेटीवर आहे. घर मोडकळीला आलं. १९०४ मध्ये स्वान नावाच्या कुटुंबाने ते पडकं घर विकत घेतलं, राहतं केलं, आणि त्या घरातल्या बहिणी १९६८ पर्यंत तिथे राहिल्या. त्यांनी ते पाडून प्लॉट विकले असते तर तेव्हा त्यांना कुणी अडवलं नसतं. मॅकार्थरांच्या हाती हे घर साधारण नव्वद वर्षं होतं, स्वान कुटुंबाकडे चौसष्ट. पण पाटीवर नाव कुणाचं मोठं, ते जाऊन पाहा.

तुम्ही कुणी पाहिलं असेल तर लिहा.

सह्यभ्रमर

फार छान लिहिलं आहेस. दोन डॉलरच्या नोटेची गोष्ट मला माहीत होती, बाकी काहीच नाही. एक विचारतो: एलिझाबेथने एकटीने चालवलं हे खरं, पण हातात माणसं किती होती? शेत आपोआप नांगरलं जात नाही.

नदीकाठची

बरोबर बोललात. ‘एकटीने’ म्हणजे मालक म्हणून एकटीने. राबणारे हात कैद्यांचे होते. सरकार अधिकाऱ्यांना कैदी मजूर नेमून देई, आणि अशा माणसांच्या जिवावरच हे सगळं उभं आहे. घर बांधलं त्यांनीच, मेंढरं राखली त्यांनीच. त्यांची नावं सरकारी याद्यांमध्ये शोधावी लागतात, घराच्या गोष्टीत ती येत नाहीत. पहिल्या पोस्टमध्ये मी त्यांना एका शब्दात उरकलं, तिथे जास्त लिहायला हवं होतं.

आणखी एक नाव घ्यायला हवं, पेनेलोपी लुकस. मुलींची शिक्षिका म्हणून ती १८०५ मध्ये आली आणि एलिझाबेथची जन्माची सोबतीण झाली. तिच्यासाठी १८२४ मध्ये बांधलेलं हॅम्बलडन कॉटेज आजही जवळच उभं आहे.

घोंगडीवाला

आमच्या घराण्यात मेंढरं होती, आजोबांपर्यंत. त्यामुळे मेंढ्यांबद्दल थोडं सांगायचं राहवत नाही.

मॅकार्थरच्या कळपाची सुरुवात मेरिनोपासून झालेली नाही. ती आपल्याकडच्या मेंढ्यांपासून झाली. १८०३ मध्ये लंडनमध्ये दिलेल्या निवेदनात त्याने स्वतः सांगितलं आहे की १७९४ मध्ये त्याने कलकत्त्याहून आलेल्या साठ बंगाली मेंढ्या आणि कोकरं एका अधिकाऱ्याकडून विकत घेतली. मग आयर्लंडहून आलेल्या जहाजाच्या कप्तानाकडून दोन आयरिश मेंढ्या आणि एक तरणा मेंढा. बंगाली मेंढीच्या अंगावर लोकर नसते, केसच असतात. त्या संकरातून जी कोकरं झाली त्यांच्या अंगावर केस आणि लोकर मिसळून आलेली दिसली, आणि तिथून त्याच्या डोक्यात लोकरीचा विचार पक्का झाला. मेरिनो आल्या १७९७ मध्ये, केप ऑफ गुड होपहून, कर्नल गॉर्डनच्या कळपातल्या. वॉटरहाउस आणि केंट या दोन कप्तानांनी त्या आणल्या, मॅकार्थरला त्यातल्या थोड्या मिळाल्या. म्हणजे ‘मेरिनो आणणारा’ हीसुद्धा पूर्ण खरी गोष्ट नाही. १८०५ मध्ये परतताना मात्र त्याने इंग्लंडच्या राजाच्या कळपातल्या काही मेरिनो स्वतः आणल्या.

आमची माणदेशाकडची दख्खनी मेंढी काळी, काटक, आणि लोकर भरड. तिच्या लोकरीचं घोंगडं होतं, चिंचोक्याची खळ लावून. पावसात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण अंगाला लागून घालायचं सूत त्या लोकरीचं निघत नाही. इंग्लंडच्या गिरण्यांना हवी होती स्पॅनिश मेरिनोची बारीक लोकर, आणि नेपोलियनच्या युद्धांमुळे स्पेनकडून येणारा माल बेभरवशाचा झाला होता. त्या अडचणीच्या वेळी हा माणूस लंडनमध्ये नमुने घेऊन हजर होता, हे त्याचं कसब मान्य करावं लागेल. बोलणी तो करायचा. कोणती मेंढी ठेवायची, कोणता मेंढा कुठल्या कळपात सोडायचा, हे मात्र रोज डोळ्यांसमोर कळप असल्याशिवाय जमत नाही. पिढ्यान् पिढ्या हेच करणाऱ्यांच्या घरात वाढलो म्हणून खात्रीने सांगतो: प्रत सुधारते ती राखणाऱ्याच्या हाताखाली. बारा वर्षांत मेंढरांच्या कितीतरी पिढ्या होतात.

अक्षरवेल

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली. ‘१०० एकर जमीन दिली’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. ग्रोसने ती दिली, पण ती ग्रोसची होती का? ती डारुग या तिथल्या मूळ रहिवाशांमधल्या बुरामत्तागल कुळाची जमीन होती. वसाहतकाराच्या घराचा इतिहास लिहिताना पहिलं वाक्य तिथूनच सुरू व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पेमुलवुय या आदिवासी योद्ध्याने बारा वर्षं वसाहतीशी झुंज दिली, १७९७ मध्ये थेट पॅरामॅटात लढाई झाली, १८०२ मध्ये त्याला गोळी घालून त्याचं शिर इंग्लंडला पाठवलं. हे घर तेव्हा उभं होतं, त्याच गावात.

आणि कॅम्डनचं काय? १८०५ मध्ये मॅकार्थरला लॉर्ड कॅम्डनच्या हुकमाने काउपास्चर्स भागात ५००० एकर मिळाले, तेच पुढचं कॅम्डन. तिथली चांगली कुरणं धारावाल आणि इतर लोकांची. दुष्काळ, कुंपणं, मक्याची शेतं, त्यावरून चकमकी सुरू झाल्या. १७ एप्रिल १८१६ च्या पहाटे ॲपिनजवळ गव्हर्नर मॅक्वारीच्या सैनिकांनी बायका-मुलांसह निदान चौदा जणांना मारलं. मेलेल्यांच्या कवट्या एडिंबराला गेल्या आणि १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाला परत आल्या. एलिझाबेथ त्या वेळी कॅम्डनच्या कळपांची मालकीण होती. तिच्या कर्तबगारीचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येणार नाही.

नदीकाठची

बाजूला ठेवू नयेच. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं आणि त्यातल्या कशालाही माझी हरकत नाही. कॅम्डनच्या रानात तिचीही माणसं मारली गेली होती. तिचं घर आणि तिचे कळप त्या सैनिकांमुळे सुरक्षित राहिले.

तरीही एक नातं सांगते, कारण ते कुठल्याच सरळ साच्यात बसत नाही. पेमुलवुयचा मुलगा टेडबरी या घरी येत-जात असे, राहतही असे. १८०८ मध्ये ब्लायशी वैर पेटलं तेव्हा तो भाले घेऊन जॉनच्या मदतीला आला होता. बापाला ज्या वसाहतीने मारलं तिच्यातल्याच एका घराशी त्याने मैत्री ठेवली. त्याच्या मनात काय होतं हे त्याच्या शब्दांत कुणी लिहून ठेवलेलं नाही. १८१० मध्ये त्यालाही एका गोऱ्याने गोळी घातली. त्या घराच्या व्हरांड्यात उभं राहिल्यावर मला सगळ्यांत जास्त त्याची आठवण येते.

ओसरी

मी वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. अक्षरवेल यांच्या मुद्द्याला भिंतीतला पुरावा जोडते.

सिडनीच्या आसपास चुनखडी नव्हती. सुरुवातीच्या काळात चुना केला जायचा तो शिंपले भाजून. हे शिंपले बरेचसे आले ते किनाऱ्यांवरच्या ढिगांमधून. आदिवासी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ते ढीग, काही हजारो वर्षांचे. ते उकरून भट्टीत घातले गेले. म्हणजे त्या काळच्या घरांच्या सांध्यांमध्ये मूळ रहिवाशांच्या वस्तीचे अवशेषच भरलेले आहेत. कोकणात आपणही शिंपल्यांचा चुना वापरायचो, त्यामुळे काम चालू असताना मला या तंत्राचं नेहमी कुतूहल वाटायचं. तो चुना आला कुठून हे कळल्यावर मात्र त्या भिंतींकडे पूर्वीसारखं पाहता आलं नाही.

आता घराविषयी. आज दिसतं ते बाह्यरूप १७९३ चं नाही. जॉनने १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठा फेरफार केला. जुनं घर आत आहे, त्याच्याभोवती नवं चढवलंय. उतरतं लांब छप्पर, खांबांचा व्हरांडा, व्हरांड्यात उघडणारे उंच काचेचे दरवाजे. हा व्हरांडा ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या बंगल्यांत पाहिला आणि सोबत नेला. इंग्लंडच्या हवेत त्याचं काम नव्हतं, न्यू साउथ वेल्सच्या उन्हात होतं. पुढे शंभर वर्षं ऑस्ट्रेलियातली शेतघरं याच वळणाने बांधली गेली. आपल्याकडचा माणूस त्या घरात शिरला की त्याला पायऱ्या, सावली, बसायची जागा ओळखीची वाटते, त्याचं कारण हे.

आतलं लाकूडकाम ऑस्ट्रेलियन तांबड्या सीडरचं आहे. ही आपल्या तुणीचीच जात. वाळवी फारशी लागत नाही, रंधा छान बसतो. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरची सीडरची रानं या असल्या कामांपायीच शंभर वर्षांत संपली.

जुनेपान

धागा वाचून आमचा वाडा आठवला. वाईकडचा, दोन चौकी. पणजोबांनी बांधला, पाच भावांच्या वाटण्या झाल्या, पुढच्या पिढीत सत्तावीस हिस्सेदार. कुणी दुरुस्तीला पैसे द्यायला तयार नाही आणि विकायला सगळे तयार. शेवटी तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबाने कौलं बदलली, स्वतःच्या खर्चाने, दर पावसाळ्याआधी. आम्ही वारस उन्हाळ्यात येऊन फोटो काढायचो. आता तिथे इमारत आहे.

म्हणून स्वान कुटुंबाबद्दल आणखी सांगा. विकत घेणारे, काही नातं नसलेले लोक इतकी वर्षं का राहिले असतील?

नदीकाठची

जुनेपान, तुमच्या भाडेकरूंबद्दल वाचून वाईट वाटलं.

स्वान हे क्वेकर या ख्रिस्ती पंथातलं मोठं कुटुंब होतं. बहिणींपैकी काही शिक्षिका होत्या आणि पॅरामॅटाच्या इतिहासात त्यांना मनापासून रस होता. त्यांना घराचं मोल कळलं होतं, पैसा मात्र बेताचा होता. माझा अंदाज असा की पैसा बेताचा होता म्हणूनच घर वाचलं. श्रीमंत मालक असता तर त्याने १९२० च्या सुमारास सगळं ‘आधुनिक’ केलं असतं. या बायकांनी गळती थांबवली, भिंती पडू दिल्या नाहीत आणि जुनं होतं तसं ठेवलं. १९६८ नंतर एका विश्वस्त मंडळाने घर घेतलं, १९७९ मध्ये राज्य सरकारकडे आलं, दुरुस्ती झाली आणि १९८४ पासून ते संग्रहालय आहे.

वारसांनी राखलेल्या घराचं उदाहरण याच कुटुंबात आहे. कॅम्डन पार्क, जॉन व्हर्ज या वास्तुविशारदाने आखलेलं, १८३५ मध्ये पूर्ण झालेलं. ते आजही मॅकार्थरांच्या वंशजांकडेच आहे आणि राहतं आहे. जेम्स आणि विल्यम या मुलांनी तिथे द्राक्षमळे लावले, विल्यमने कॅमेलियाची झाडं जोपासली. त्यातलं १८३१ मध्ये लावलेलं एक अजून फुलतं. वर्षातून एकदा, सप्टेंबरात, ते घर लोकांना पाहता येतं.

आणि तिसरं उदाहरण जॉनच्या पुतण्याचं. हॅनिबल मॅकार्थरनेही व्हर्जकडूनच पॅरामॅटा नदीकाठी ‘द व्हिनयार्ड’ नावाचं मोठं घर बांधून घेतलं. १८४० च्या दशकातल्या मंदीत त्याचं दिवाळं निघालं. घर बेनेडिक्टाइन जोगिणींकडे गेलं, त्यांनी त्याचं नाव सुबियाको ठेवलं. व्हर्जच्या उत्तम कामांपैकी ते एक मानलं जाई. १९६१ मध्ये कारखान्याच्या जागेसाठी ते पाडलं. त्याच वर्षी, जवळच हॅरिस पार्कमध्ये, नॅशनल ट्रस्टने एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज विकत घेऊन वाचवलं. एका कुटुंबाची तीन घरं: एक वारसांनी राखलं, एक परक्यांनी राखलं, एक कुणीच राखलं नाही.

सह्यभ्रमर

जेम्स रूझचं एक्सपेरिमेंट फार्म ते हेच ना? सुटलेला कैदी, वसाहतीत पहिली जमीन मिळालेला?

नदीकाठची

हो. त्याला तीस एकर मिळाले होते. १७९३ मध्ये त्याने ते सर्जन जॉन हॅरिसला ४० पौंडांना विकले. हॅरिस पार्क हे नाव त्या सर्जनचं. कॉटेज मात्र रूझचं नाही, ते हॅरिसने १८३५ च्या सुमाराला बांधलं.

सिडनीकर

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. हॅरिस पार्क स्टेशनवरून तीनही घरं पायी होतात: आधी एक्सपेरिमेंट फार्म, मग हॅम्बलडन कॉटेज, मग एलिझाबेथ फार्म. तिघांचे उघडे असण्याचे वार वेगवेगळे आहेत, घरून निघण्याआधी पाहून घ्या.

लहान मुलं असतील तर एलिझाबेथ फार्मला जरूर न्या. तिथे दोऱ्या बांधलेल्या नाहीत, ‘हात लावू नका’च्या पाट्या नाहीत. सामान मुळाबरहुकूम नव्याने घडवलेलं आहे, त्यामुळे खुर्चीत बसता येतं, खण उघडता येतात, पुस्तक हातात घेता येतं. बागेत जुनी ऑलिव्हची झाडं आहेत, मॅकार्थरांच्या काळातली. स्वयंपाकघर आणि तळघर चुकवू नका, नोकर आणि कैद्यांचा वावर तिथेच होता.

आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना बुरामत्तागल लोकांबद्दल, टेडबरीबद्दल आवर्जून विचारा. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी वेळ काढून, व्हरांड्यात बसवून सगळं सांगितलं.

घोंगडीवाला

पुढच्या महिन्यात मुलाकडे येतोय, तेव्हा जाणारच. कॅम्डनकडे अजून मेरिनोचे कळप पाहायला मिळतात का, कुणाला माहीत असेल तर कळवा. कातरणीचा हंगाम असेल तर फारच बरं.